परराष्ट्र म्हणजे किती लांब?

मैत्रिणींनो, या वेळी ज्वारीच्या पापड्यांचं प्रमाण देईन असं मी मागच्या अंकात कबूल केलं होतं. तुमची पत्रंही आली आहेत. कुणाच्या पापड्या चिरतात, कुणाच्या तळताना लाल पडतात. पण मधल्या आठ दिवसांत आमच्या गल्लीत असं एक प्रकरण झालं की पीठ भिजत घालायलाही मला सवड मिळाली नाही. तेव्हा पापड्या पुढच्या वेळी. आज एका मुलीबद्दल लिहिते, आणि तिच्या आईबद्दल.

आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत राहतो. इथे उठायला गजर लागत नाही, यंत्रमागांची खडखड सुरू झाली की जाग येतेच. एका घरात तेलुगू, शेजारी कन्नड, समोर मराठी, वळणावर दखनी. भांडणं मात्र सगळ्या भाषांत एकदम. आमच्यापासून तीन घरं सोडून अक्का राहतात. तेलुगूत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, पण गल्लीतल्या लहानथोर सगळ्यांच्याच त्या अक्का. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर, स्वतः घरी विड्या वळतात. दोन मुली. थोरली सातवी-आठवीला माझ्या हाताखाली होती. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, इतिहास आणि नागरिकशास्त्र, म्हणजे मुलं ज्या तासाला डुलक्या काढतात ते विषय. ही एकटी कधी डुलकी काढत नसे. उलट विचारायची, ‘बाई, तह मोडला तर तक्रार कुणाकडे करायची?’

आता ती पुण्याला एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय आंतरराष्ट्रीय संबंध. तिला परराष्ट्र सेवेत जायचं आहे, आणि ते नाही जमलं तर लढाई थांबलेल्या देशांत लोकांना पुन्हा एकमेकांशेजारी राहता यावं म्हणून ज्या संस्था काम करतात, त्यांपैकी एखादीत.

एका दुपारी अक्का आल्या. तंबाखूचा वास अंगाला होताच, म्हणजे सूप खाली ठेवून तडक आल्या होत्या. म्हणाल्या, ‘बाई, पोरगी तुमचं ऐकते. तिला सांगा. स्थळ आलंय. मुलगा पुण्यातच कंपनीत आहे, आपल्यातलाच आहे, मागणं काही नाही. एम. ए. पुरं करू देतो म्हणतात. फक्त पुढं ते परदेशाचं खूळ नको म्हणतात. ही ऐकेना.’

खरं सांगू? मला आधी अक्कांचंच पटलं. माझंही बी. ए.नंतर असंच झालं होतं. एम. ए.चं पहिलं वर्ष अर्ध्यावर होतं आणि स्थळ चांगलं होतं. सासर चांगलं मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पुस्तकं अजून माळ्यावर आहेत, दिवाळीच्या साफसफाईत तेवढी धूळ झटकते. तेव्हा ‘चांगलं स्थळ’ या दोन शब्दांपुढे बाईचं डोकं कसं चालेनासं होतं ते मला ठाऊक आहे. मी अक्कांना म्हटलं, पाठवा तिला, बोलते.

ती संध्याकाळी आली. मी चहा टाकला आणि विचारलं, ‘अगं, परराष्ट्र परराष्ट्र म्हणजे नक्की काय करणार आहेस तू? गल्लीतल्या बायकांना समजेल असं सांग बघू.’

ती म्हणाली, ‘बाई, आपला वाड्यातला नळ आठवतो का?’

आठवणार नाही कसा! सोलापूरकरणींना पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं आम्ही चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर संसार केले. आमच्या वाड्यात तेव्हा सात बिऱ्हाडं आणि नळ एक. एकदा हंड्यावरून दोन बिऱ्हाडांत अशी जुंपली की पोलिसांपर्यंत गेलं. मग आमच्या सासूबाईंनी दोघींना ओसरीवर बसवलं. कोण बरोबर, कोण चूक, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, की तुझ्या घरी माणसं किती, आणि तुझा नवरा कुठल्या पाळीला जातो. मग भिंतीवर खडूने क्रम लिहिला. क्रम मोडला तर कुणी कुणाला सांगायचं तेही लिहिलं. त्या दोघी पुढे एकमेकींशी बोलल्या नाहीत, अगदी बारशालासुद्धा. पण पाणी मात्र दोघींना मिळत राहिलं.

‘माझा प्रबंध त्याच्यावरच आहे,’ ती म्हणाली, ‘फक्त नळ जरा मोठा आहे.’

तिचा विषय म्हणजे सिंधूच्या पाण्याचा करार. पेपरात आपण नाव वाचतो आणि पान उलटतो. तिने सांगितलं ते मी इथे देते. फाळणीने जमीन वाटली गेली, पण नद्या कशा वाटायच्या? जागतिक बँक मध्ये पडली, आठ-नऊ वर्षं बोलणी चालली आणि 19 सप्टेंबर 1960 ला कराचीत पंडित नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केल्या. रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडच्या तीन नद्या भारताच्या वाट्याला, सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडच्या तीन मुख्यतः पाकिस्तानच्या. दोन्ही देशांचा एकेक आयुक्त, त्यांनी वर्षातून एकदा तरी भेटायचं, पुराची आणि पाण्याची माहिती एकमेकांना द्यायची. मग 1965 ची लढाई झाली, 1971 ची झाली, 1999 ला कारगिल झालं. तरी करार टिकला. शेवटी 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित केला.

मी म्हटलं, ‘बरोबरच केलं. माणसं मारायची आणि वर पाणी मागायचं?’

ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, ‘बाई, तसं वाटणारच. मलाही वाटलं. पण नदी तर तिथंच राहणार ना? आज ना उद्या कुणाला तरी परत समोरासमोर बसावं लागेल. त्या बसण्याची तयारी करणारं माणूस लागतं. लढाई थांबवणं वेगळं आणि शांतता उभी करणं वेगळं. दुसरं काम फार हळू चालतं आणि त्याचा फोटो पेपरात येत नाही.’

चहा निवून गेला होता. तेवीस वर्षांची ही मुलगी माझ्या स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून हे बोलत होती आणि मी तिला लग्नाला राजी करायला बोलावलं होतं!

मग मी पक्ष बदलला. मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल मास्तरणीला भुलवायला एवढं पुरतं. पुरतं खरं. दुसऱ्या दिवशी मी अक्कांकडे गेले आणि अगदी उत्साहाने त्यांना आपल्याच गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगितली. भय्या चौकाजवळ त्यांचं स्मारक आहे, आपण रिक्षातून हजारदा त्यावरून जातो. त्यांचा जन्म इथे सोलापुरात 10 ऑक्टोबर 1910 चा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. तेवढ्यात 1938 साली काँग्रेसने चीनला डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. जपानने चीनवर चढाई केली होती, आणि सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पाच डॉक्टर निवडले, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं.

बाकीचे एकेक करून परतले. कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, इतकी की त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवत. आघाडीवर झोपेविना शस्त्रक्रिया केल्या, 1941 साली तिथल्या बेथ्यून शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी, लग्न केलं. मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ, ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 ला फेफऱ्याच्या झटक्याने ते गेले. बत्तीस वर्षांचे. व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर सिनेमा काढला, तो तुमच्या आई-आजींनी पाहिला असेल.

आणि पुढचं ऐका. 1962 साली भारत-चीन युद्ध झालं, नंतरही सीमेवर किती वेळा तणाव आला. तरी 2013 साली चीनचे पंतप्रधान मुंबईत आले तेव्हा कोटणीसांच्या वयोवृद्ध बहिणीला आवर्जून भेटले. दोन देशांत बोलायला दुसरा धागा सापडत नव्हता तेव्हाही हा एक धागा होता. मी सांगून थांबले. मला वाटलं, आता अक्कांचे डोळे भरून येतील.

अक्कांनी हातातली विडी दोऱ्याने बांधली, सुपात टाकली आणि विचारलं, ‘त्यांच्या आईनं काय केलं असेल हो, बाई?’

मी गप्प बसले. वर्षानुवर्षं मी वर्गात हा धडा सांगते. वडील इकडे वारल्याचं कळूनही ते तिकडेच राहिले, हे मोठ्या अभिमानाने सांगते. पण मुलगा बोटीवर चढला त्या दिवशी घरी काय शिजलं असेल, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. अक्कांना मी धीर द्यायला गेले आणि सांगून काय आले, तर परत न आलेल्या मुलाची गोष्ट!

चूक दुरुस्त करायला वेळ लागला. मी सांगितलं की अक्का, हे 1938 नव्हे. आता वकिलातीत नेमणूक होते ती सरकारी नोकरी असते, राहायला घर असतं, रजा असते, नवरा-मुलं बरोबर जाऊ शकतात, फोनवर रोज तोंड दिसतं. दोन-तीन वर्षांनी बदली होते, मधे दिल्लीतही काम असतं. लढाईच्या जागी जायचंच असं नाही, आणि जाणाऱ्या बायकाही आहेतच. 2007 साली लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या बायकांची तुकडी गेली, सगळ्या बायकाच असलेली जगातली पहिली. त्यांच्याही घरी आया होत्याच.

मुलीशी मात्र मी जरा कडक बोलले. म्हटलं, ‘तू सिंधू आणि झेलमच्या गोष्टी करतेस, पण आई कशाला घाबरते हे तिला विचारलंस? सासूबाईंनी आधी विचारलं होतं, घरी माणसं किती. तू आल्या दिवसापासून आईला फक्त आपलं बरोबर कसं तेच सांगते आहेस.’

तिला ते लागलं. पण रात्री तिने विचारलं. आणि काय निघालं असेल? परदेशाची भीती दुसऱ्या नंबरला. पहिली भीती पैशाची. दिल्लीला शिकवणीला जायचं तर खर्च किती, किती वर्षं, आणि नाही झालं तर? धाकटी पाठोपाठ आहेच. त्यात कारखान्यात पाळ्या कमी-जास्त होतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा आयातकर एकूण 50 टक्क्यांवर नेला तेव्हा टॉवेल बाहेर पाठवणारे कारखानदार काळजीत पडले आणि ती काळजी मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या घरात यायला कितीसा वेळ लागतो? अक्कांचे यजमान एरवी बोलत नाहीत, ते त्या रात्री म्हणाले, ‘मग हे कर कमी करायचं बोलणं कोण करतं?’ मुलगी म्हणाली, ‘अप्पा, व्यापार खात्याची माणसं करतात आणि परराष्ट्र खात्याची माणसं त्यांच्या बरोबर बसतात.’ अप्पा म्हणाले, ‘म्हणजे आमच्याच टॉवेलचं काम आहे की हे.’ हे मला मागाहून कळलं. त्या दोघांना तरी आता परराष्ट्र फार लांब वाटत नसावं.

खर्चाचा हिशेब आम्ही तिघींनी बसून केला. तुमच्याही घरात अशी मुलगी असेल म्हणून सांगून ठेवते. परराष्ट्र सेवेची वेगळी परीक्षा नाही, केंद्रीय लोकसेवा आयोगाची तीच नागरी सेवा परीक्षा. कुठलीही पदवी चालते. वय 21 ते 32, संधी सहा. इतर मागास वर्गाला 35 पर्यंत आणि नऊ संधी. मुलींना फॉर्मची फी नाही, हे ऐकून अक्कांना पहिल्यांदा बरं वाटलं. आधी पूर्वपरीक्षा, मग नऊ पेपरांची मुख्य परीक्षा, मग मुलाखत. इंग्रजीचा सक्तीचा पेपर सोडला तर उत्तरं मराठीत लिहिता येतात, मराठी साहित्य हा विषयही घेता येतो. सेवेत घेतल्यावर एक परकी भाषा शिकावीच लागते. आमच्या या मुलीला घरची तेलुगू, शाळेची मराठी, गल्लीची कन्नड आणि दखनी आणि कॉलेजचं इंग्रजी आधीच येतं; आणखी एक म्हणजे काय, भिंतीवरच्या खडूच्या क्रमात आणखी एक बिऱ्हाड. दिल्लीला जायलाच पाहिजे असं नाही, पुण्यात राहून, दुपारी शिकवण्या घेऊन तयारी करायची असं ठरलं. संधी सहा असोत की नऊ, आपण दोनच धरायच्या, म्हणजे दोन वर्षं. त्यात नाही झालं तर ती नोकरी धरील आणि पुढचं तिचं ती बघेल.

राहिली ती लग्नाची अट. ‘परदेशाचं खूळ नको.’ त्यावर मुलीने मला एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. सी. बी. मुथम्मा या 1949 साली परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या बाई. लग्न केलं तर राजीनामा देईन असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. पुढे सेवेच्या नियमांतच होतं, की बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. पुरुषांना असलं काही नाही! मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1979 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी विचारलं की संसाराची अडचण बाईला येते तर पुरुषाला का येत नाही. तो नियम सरकारला काढावा लागला. आणि निरुपमा राव, ज्यांनी इंग्रजीची एम. ए. आपल्या मराठवाडा विद्यापीठातून केली, त्या 2006 साली चीनमध्ये राजदूत झाल्या, तिथल्या पहिल्या भारतीय स्त्री राजदूत. पुढे 2009 ते 2011 परराष्ट्र सचिव. यजमान कर्नाटकात प्रशासकीय सेवेत. संसार झालाच की.

मी हे अक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हणजे सरकारनं नियम काढला, आणि आता हे लोक परत घालतात होय?’

मैत्रिणींनो, माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या बाईला हे वाक्य सुचलं नव्हतं.

स्थळ नाकारायचं असं कुणी ठरवलं नाही, हेही सांगते. मुलगा वाईट नाही. मुलगी स्वतः म्हणाली, मला त्याच्याशी एकदा बोलू द्या, अट त्याची आहे की त्याच्या घरच्यांची ते तरी कळू दे. मलाही ते पटलं. आपण बायका पुष्कळदा अट कुणाची आहे हे न विचारताच मान्य करून टाकतो.

परवा सकाळी ती हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला परत गेली. अक्कांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली, नेहमीपेक्षा जास्त. स्टेशनवर त्या मुलीला काहीच बोलल्या नाहीत. घरी आल्या, सूप पुढ्यात ओढलं, पानं कातरायला घेतली, आणि मग एकाएकी कात्री ठेवून फोन लावला. मुलाच्या आईला. बोलणं तेलुगूत चाललं होतं, मी दारातच उभी होते. मला तेलुगू बाजारहाटापुरतं येतं. मध्ये ‘परीक्षा’ ऐकू आलं, ‘दिल्ली’ ऐकू आलं, आणि मग अक्कांनी समोर कुणी नसताना दोन बोटं वर केली आणि म्हणाल्या, ‘रेंडू.’

रेंडू म्हणजे दोन. ते मला येतं.

तिकडून उत्तर अजून आलेलं नाही. विचारून सांगतो म्हणाले आहेत. आलं की तुम्हाला कळवते, आणि ज्वारीच्या पापड्यांचं प्रमाण पुढच्या अंकात, आता नक्की.